ब्रोनाच्या वाटीतलं लोणी

किल्डेअर, २ फेब्रुवारी

प्रिय डोनल,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. आधीची दोन परत आली नाहीत, त्यावरून नॉर्वेतल्या बर्गनच्या पोस्टमनला तुझं घर सापडतं एवढं मी समजले. उत्तराचं राहू दे. तुझ्या बापावरचा राग तू माझ्यावरही काढतोस, तेही राहू दे. त्या नाताळात भरल्या टेबलावर तो तुला म्हणाला, "बैल झालास बैल, तुला घोडा नको, नांगर हवा," ते चुकलंच त्याचं. ते त्याला ठाऊक आहे. पण नेड बिहान चूक तोंडाने कबूल करायचा म्हणजे आधी माळावरच्या मेंढ्या गाणं म्हणायला हव्यात. तू तसाच उठून गेलास त्याला तीन वर्षं झाली. तुझी खुर्ची जागेवरच आहे. परवा आपल्याकडे भाड्याने उतरलेल्या एका फ्रेंच पाहुण्याने तिच्यावर ओला कोट टाकला, तो मी चिमटीत धरून बाहेर नेला.

काल सेंट ब्रिजिडचा दिवस झाला. विहिरीवर बघ्यांची ही गर्दी. बसमधून उतरतात, चिंध्या बांधलेल्या झाडाचे फोटो काढतात, गोल मनोऱ्याखाली माना वर करून उभे राहतात, मग शिंगरं बघायला जातात आणि संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात येऊन विचारतात, इथे आणखी बघण्यासारखं काय आहे? मी म्हणते, इथे राहणारी माणसं आहेत, पण त्यांना तिकीट नाही.

आदल्या संध्याकाळी मी नेहमीसारखं फडकं कुंपणावर टाकलं होतं. सेंट ब्रिजिड त्यावरून गेली की वर्षभराची सोय. कुणाचं डोकं दुखो, कुणाची घोडी अडो. या वेळी त्याचा एक तुकडा कापून मी ब्रोनाच्या जाकिटाच्या अस्तरात शिवला. तिला सांगितलेलं नाही.

आता मूळ गोष्ट. तुझ्या बहिणीला, ब्रोनाला, शर्यतीत उतरायचा परवाना मिळाला. हॅनलनबाईंच्या तबेल्यात ती दोन वर्षं लीद उपसते आहे, ते सार्थकी लागलं म्हणे. मार्चअखेर इथल्या मैदानावर हंगाम सुरू होईल तेव्हा पहिल्या दिवशी बाई तिला एक करडी घोडी देणार आहेत. तुझा बाप नाचायचाच बाकी आहे. रोज संध्याकाळी सोफ्याच्या हातावर बसून तिला लगाम कसा धरायचा ते दाखवतो. तो सोफा कधीच फेकत नाही ना पाडत नाही, त्याला काय.

तू शर्यतीत घोड्यावरून पडलास तेव्हा तुझा बाप गाडी आणायला गेला होता. तुला उचललं ते मी पाहिलं. तू कुशीवर होतास आणि डोळे उघडे होते, आणि मला ओळखत नव्हतास. शुद्धीवर आल्यावर तू पहिला प्रश्न घोड्याबद्दल विचारलास. ते सगळं आणखी एकदा माझ्याच्याने होणार नाही, डोनल. स्पष्ट लिहिते: मला ती त्या घोडीवर बसायला नको आहे.

ती माझं ऐकत नाही. बापाचं ऐकते, पण तो बोलतो भलतंच. तुझं ऐकेल. तुझ्या जुन्या टोप्या अजून तिच्या खोलीत आहेत. तिला दोन ओळी लिही. आईने सांगितलं म्हणून नको, तुला वाटतं म्हणून लिही.

नाही लिहिलंस तरी बघू. अजून दोन किलो उतरून ती शर्यतीच्या वजनात बसल्याशिवाय बाई तिला घोडी देणार नाहीत. आणि स्वयंपाकघर अजून माझ्या ताब्यात आहे.

आई


४ मार्च, पॅनकेकचा मंगळवार

प्रिय डोनल,

तू तिला लिहिलं नाहीस. ठीक आहे.

उद्यापासून उपासाचे चाळीस दिवस. त्याआधी घरातलं लोणी, अंडी, दूध संपवायचं म्हणून आज पॅनकेक. मी रास केली. तुझ्या बापाने साखर-लिंबू घालून बारा खाल्ले आणि म्हणाला, "गोरेटी, तुझे हात सोन्याचे." त्याच्या समोर ब्रोना कोमट पाण्याचा पेला घेऊन बसली होती. एका पॅनकेकचा तिने वास घेतला. नुसता वास, डोनल, आणि डोळे मिटले.

मी म्हटलं, "अर्धा खा गं, उद्यापासून सगळ्या गावाचा उपास."

"माझा उपास नाताळपासून चालू आहे," ती म्हणाली. "गाव मागून येतंय."

तुझ्या बापाला हसू आलं. तिलाही. मी तव्याकडे वळले.

या गावात घोड्याला दिवसातून चारदा खायला घालतात, तेही मापून, पाण्याचं तापमान बघून. आणि त्याच्यावर बसणाऱ्याला एकदाही नाही. कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. पाहुण्यांना मी हे सांगितलं तर त्यांना वाटतं मी विनोद करते आहे.

पण वजन काही हलत नाहीये तिचं. काट्यावर चढते, उतरते, परत चढते. सकाळी ओट्सची लापशी, ती पाण्यातली. दुपारी कोबीचं सूप. रात्री दही, साय काढलेलं, आणि एक सफरचंद. एवढ्यावर चिमणीसुद्धा वाळेल. ही वाळत नाही. बापाला वाटतं ती तबेल्यात चोरून खाते. काल त्याने तिच्या कोटाचे खिसे तपासले, आणि ती त्याच्यापुढे हात वर करून उभी राहिली, पोलिसापुढे उभं राहावं तशी.

लापशी मी पाण्यातच शिजवते. बहुतेक पाण्यातच. तू आता भुवया वर करशील, तर करू नकोस. कुणाच्या आईने पोरीच्या वाटीत थोडी साय घातली म्हणून जग बुडालेलं मी ऐकलेलं नाही.

उद्यापासून मी चहातली साखर सोडते आहे. कशासाठी ते मला आणि देवाला ठाऊक.

आई


१२ मार्च

डोनल,

हे पत्र तुझ्या बापाच्या हाती पडलं तर घरात महायुद्ध होईल, म्हणून बर्नीच्या स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे. शेजारीण असावी तर अशी. विचारत नाही, नुसता चहा ओतते. मेंढ्यांना खूण करायचा निळा रंग तिच्या हातावर आहे आणि कपाच्या कानालाही लागला आहे.

तर ऐक. लापशीत साय असते. सूपात लोणी असतं, चांगला लिंबाएवढा गोळा, मी ते रवीने घोटून घेते म्हणजे तवंग येत नाही. साय काढलेल्या दुधाच्या बाटलीत मी सकाळी अख्खं दूध भरून ठेवते. दह्याच्या डब्याचंही तसंच. फार नाही. दोन किलो उतरू नयेत एवढंच.

आता म्हण मला काय म्हणायचं ते. मी विचार करूनच केलं. आरडाओरडा केला असता तर ती हट्टाला पेटली असती, तुझ्यासारखीच आहे. पाया पडले असते तर बापाने उठवून बाजूला केलं असतं. मला असं हवं होतं की कुणीच हरू नये. वजन उतरलं नाही, घोडी दुसऱ्याला गेली, नशीब, पुढल्या वर्षी बघू. पुढल्या वर्षापर्यंत तिला एखादा मुलगा भेटेल, नाही तर कॉलेज सुचेल. झाकली मूठ.

शनिवारी चर्चमध्ये पापाच्या कबुलीला गेले होते. फादर मॅकइव्हॉय जाळीपलीकडे बसलेले, पेपरमिंटचा वास येत होता. मी म्हटलं, "फादर, मी एका माणसाला त्याच्या नकळत लोणी खायला घालते."

त्यांच्या तोंडातली पेपरमिंटची गोळी दातावर वाजली. मग म्हणाले, "उपासाच्या दिवसांत?"

"उपासाच्या दिवसांत."

"तो माणूस म्हणजे हॅनलनबाईंकडे आहे ती तुझी ब्रोना का?"

जाळीचा उपयोग तो काय, जर आतला माणूस तुमचा खोकलाही ओळखत असेल. मी हो म्हटलं. ते म्हणाले, खोटं ते खोटं, भीतीपोटी केलं तरी खोटं; थांबव, आणि पोरीला सांगून टाक. मग आवाज खाली आणून म्हणाले, "म्हणजे त्या करड्या घोडीवर ती बसणार नाही म्हणतेस?" डोनल, त्यांनी पैसे लावले होते. देवाच्या घरात मला हसू आवरेना, आणि हसताना रडू कधी आलं ते कळलं नाही.

थांबवीन. या आठवड्यानंतर थांबवीन. शर्यत पंधरा दिवसांवर आहे, एवढ्यात आता थांबवलं तर सगळं केलेलं वाया.

ती आता कढत पाण्यात बसते, अंग लाल होईपर्यंत. तुझा बाप तिला कचऱ्याच्या काळ्या पिशव्या आणून देतो. त्या अंगाला गुंडाळून वर दोन स्वेटर घालते आणि माळावर धावते. आम्ही खिडकीतून बघतो. तो घड्याळ बघतो, मी तिला बघते.

आई


२० मार्च

डोनल,

ब्रोना मंगळवारी माळावर पडली.

घाबरू नकोस, जिवंत आहे, नास गावच्या दवाखान्यात आहे. बर्नी कोकरं मोजायला गेली होती, तिला ती गोर्सच्या काटेरी झुडपाजवळ पालथी सापडली. बर्नीला आधी वाटलं कुणी कचरा टाकला आहे. काळ्या पिशव्या ना.

डॉक्टर तुझ्यापेक्षा लहान असेल. म्हणाला, अंगातलं पाणी आणि क्षार इतके गेले की हृदयाचे ठोके चुकायला लागले होते. आणखी थोडा उशीर, असं काही तरी म्हणाला. तुझा बाप टोपी हातात घेऊन कॉरिडॉरमध्ये उभा होता. त्याला मी इतका लहान कधी पाहिला नव्हता. मला म्हणाला, "पिशव्या मी आणल्या, गोरेटी."

मी म्हणायला हवं होतं, अरे, पिशव्या तू आणल्यास, पण ती त्यांत का शिरली, ते मला विचार. तसं मी म्हटलं नाही. त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "असू दे, नेड." त्याला माफ केल्यासारखं केलं मी. बघ कशी आहे तुझी आई.

डॉक्टरने तिला विचारलं, काय खातेस? तिने सगळं सांगितलं, लापशी, सूप, दही, सफरचंद. तो लिहिता लिहिता थांबला. "एवढ्यावर वजन तसंच राहिलं?" मग ब्रोनाने माझ्याकडे पाहिलं. हाताला सुई लावलेली, ओठ फुटलेले. म्हणाली, "आई, तू त्यात काही घालत नाहीस ना?"

मी म्हटलं, "नाही गं बाई. काय घालणार?"

ती म्हणाली, "नाही, सहज विचारलं. मला वाटलं माझंच काही तरी बिघडलंय." आणि डोळे मिटून घेतले.

माझं पोरीवर प्रेम आहे हे मला सिद्ध करायची कधी गरज पडली नाही. त्या वेळी पहिल्यांदा मला वाटलं की कुणी पुरावा मागितला तर माझ्याकडे काही नाही.

आता लोणी बंद. शपथ. पण सांगायचं कसं, तेवढं कुणी सांगत नाही. तू काही तरी लिही. तिला नको, मला लिही.

आई


३१ मार्च

प्रिय डोनल,

काल हंगाम सुरू झाला. करडी घोडी दुसराच कुणी तरी घेऊन गेला आणि आठवा आला. म्हणजे मला हवं होतं ते झालं. घरात कुणी रेडिओ लावला नाही.

आणि शनिवारी सगळं उघड झालं, तेही माझ्या तोंडून नाही.

गेला आठवडाभर एक डच जोडपं माझ्याकडे उतरलं होतं. बाईचं नाव हेन्नी. गोड बाई, खाण्यावर प्रेम करणारी. रोज शिंगरं बघून यायची, गालांवर लाली, आणि मी काय शिजवते ते बघत स्वयंपाकघरात उभी राहायची. पहिल्या दिवशी ते आले तेव्हा ब्रोना दवाखान्यातच होती, मी गोंधळलेली. माझ्या हातून फ्रिजमधलं तिचं उरलेलं सूप गरम करून त्यांना वाढलं गेलं. जुनं सूप. लोणी बंद करण्याआधीचं.

शनिवारी ब्रोना घरी आली होती, तिला पहिल्यांदाच टेबलाशी बसवलं होतं. हेन्नीबाई तिच्यासमोर बसल्या, तिच्या वाटीत डोकावल्या आणि अगदी प्रेमाने मला म्हणाल्या, "हे तेच का कोबीचं? पण आजचं पातळ दिसतं. त्या दिवशीच्यात तुम्ही लोणी किती घातलं होतं? मी घरी करून बघणार आहे. आमच्याकडे लग्नातसुद्धा इतकं घालत नाहीत."

ब्रोनाचा चमचा हवेत राहिला.

मी म्हणू शकले असते की पाहुण्यांचं वेगळं शिजवते. शब्द जिभेवर होते. पण हेन्नीबाईच पुढे म्हणाल्या, "त्या डब्यावर तुमच्या मुलीचं नाव होतं ना? मी मिस्टरांना म्हटलं, काय भाग्यवान मुलगी आहे."

ब्रोना ओरडली नाही. उठली, फ्रिज उघडला, साय काढलेल्या दुधाची बाटली काढली, बूच काढून एक घोट घेतला. ते दूध आता खरोखर पाणचट होतं, मी शपथ घेतली होती ना. तिने दह्याचा डबा उघडला, बोट घालून चाटलं. मग माझ्याकडे वळली.

"आता बंद केलंयस," ती म्हणाली. "कधीपासून चालू होतं?"

"परवाना मिळाल्यापासून," मी म्हटलं.

"मी काट्यावर उभी राहून रडायचे तेव्हा तू टॉवेल घेऊन यायचीस."

"मला तू पडायला नको होतीस, ब्रोना."

"मग मी कुठे पडले, आई? घोडीवरून पडले का? रोज पाच-पाच घोडे पळवते मी, एकाने मला पाडलं नाही. मी पायी धावताना पडले."

मी तिची वाटी उचलून मोरीत ओतली.

तुझ्या बापाने सगळं ऐकलं. मला वाटलं आता छप्पर उडणार. तो बराच वेळ बशीतल्या चुऱ्याशी खेळत बसला आणि मग म्हणाला, "शर्यतीआधी घोड्याला औषध घालणाऱ्याला आपण जन्मभर मैदानाबाहेर काढतो, गोरेटी. तो निदान पोटच्या पोरीला घालत नाही." आणि कोट घेऊन बाहेर गेला. गरीब बिचाऱ्या हेन्नीबाई, त्यांना वाटलं त्यांच्या बोलण्यात काही गावंढळ निघून गेलं. दोनदा माफी मागितली. त्यांना रेसिपी मी लिहून दिली.

ब्रोना त्याच दुपारी हॅनलनबाईंच्या तबेल्यावर राहायला गेली. तिथे मुलींसाठी वरच्या मजल्यावर खोल्या आहेत. जाताना मी तिला डबा दिला, उकडलेलं कोंबडीचं मांस, बिनामिठाचं. तिने घेतला. नंतर कुंपणाच्या भिंतीवर ठेवलेला सापडला, झाकण न काढता.

तुला आता कळलं सगळं. रागाव, पण पत्र फाडू नकोस.

आई


२१ एप्रिल, ईस्टरचा सोमवार

प्रिय डोनल,

तुझं कार्ड मिळालं. त्याबद्दल शेवटी लिहिते. आधी इकडचं सांगते, नाही तर माझ्याने पुढे लिहवणार नाही.

तबेल्यावर राहायला गेल्यावर ब्रोनाचं वजन तीन आठवड्यांत जागेवर आलं. कढत पाणी नाही, पिशव्या नाहीत. पोटभर नाही, पण खरं तेवढंच अन्न. हॅनलनबाईंनी तिला गेल्या शनिवारी एक तपकिरी घोडा दिला. बातमी मला बर्नीकडून कळली. "येणार का?" बर्नीने विचारलं. मी नाही म्हटलं आणि कोट घातला.

मी मैदानाला पाठ करून उभी राहिले. तुला हसू येईल, पण मी पूर्ण शर्यत बर्नीच्या तोंडाकडे बघून पाहिली. ती बोलत होती, "सुटले. मागे आहे, मधल्या घोळक्यात. बसलीय नीट. वळणावर आले गं... अगं, माझा हात सोड, मोडशील. बसलीय, गोरेटी, बसलीय." खुरांचा आवाज पाठीमागून आला आणि गेला. मग बर्नी म्हणाली, "पाचवी," आणि मी तिथेच खाली गवतावर बसले. नेड कठड्याशी होता. त्याने टोपी तोंडावर धरली होती, तुझा बाप रडतो तेव्हा असाच रडतो.

ब्रोनाने मला पाहिलं. हात केला नाही. पण पाहिलं.

काल ईस्टर. चाळीस दिवसांचा उपास सुटला, सकाळी सगळं गाव अंडी खातं, तुझा बाप अजूनही पैज लावून सात खातो. मी मोठं पातेलं ठेवलं. दहाच्या सुमारास दार वाजलं, आणि ती आली. कुणी बोलावलं नव्हतं. कोट न काढता टेबलाशी बसली. मी ताट मांडलं नाही, हिंमत झाली नाही. तिने स्वतःच डावाने पातेल्यातून एक अंडं काढलं, टेबलावर आपटलं आणि सोलून खाल्लं. मग दुसरं.

"दुसऱ्यांच्या घरी मी काहीही खाते," ती म्हणाली. "इथे फक्त हेच. याला कवच असतं."

"चालेल," मी म्हटलं.

"किती दिवस, ते विचारू नकोस."

"नाही विचारत."

तिने तिसरं घेतलं तेव्हा नेड म्हणाला, "अगं, बुधवारी घोडा आहे तुला." तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो मिठाची बाटली शोधायला उठला. कित्येक महिन्यांत माझ्या टेबलावर ती पहिल्यांदा पोटभर जेवली, आणि मी त्यात हात घातला नव्हता.

आता तुझं कार्ड.

तीन वर्षांत पहिलं, आणि त्यावर एवढंच. "आई, माझ्या वेळीही तूच का?"

शुक्रवारपासून ते माझ्या ॲप्रनच्या खिशात आहे. नेडला दाखवलं नाही. काल ब्रोनाला दाखवलं. तिने वाचलं आणि मला विचारलं, "मग? होतीस का?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "दवाखान्यात मलाही तू नाहीच म्हणाली होतीस." ती टोचायला म्हणत नव्हती. खरंच म्हणत होती.

मला कळतं तू हे का विचारतोस. पडल्यावर तू घरी आलास, महिनोन्‌महिने माझ्या हातचं खाल्लंस, आणि उठलास तेव्हा शर्यतीच्या खोगिराला तुझं वजन पेलेना. मग दोन वर्षं तू उपाशी राहिलास आणि काटा हलला नाही. बाप बैल म्हणाला. तू स्वतःला काय काय म्हणालास ते मी भिंतीआडून ऐकलं आहे. आता ब्रोनाचं कळल्यावर तुझ्या डोक्यात दुसरं काय येणार.

मी 'हो' लिहिणार होते. दोनदा लिहिलं आणि शेगडीत टाकलं. 'हो' लिहिलं की तुझं किती सोपं होतं. मग दोष तुझ्या शरीराचा नाही, तुझ्या मनाचा नाही, बापाच्या जिभेचाही नाही, सगळा आईचा. तू पहिल्या विमानात बसला असतास. दारात उभा राहून मला वाट्टेल ते बोलला असतास, आणि मी ऐकून घेतलं असतं. ओरडायला का होईना, तू आला असतास. मला ते किती हवं आहे, हे तुला सांगता येणार नाही.

पण हेही तेच झालं असतं. तुझ्या भल्यासाठी, तुझ्या नकळत, तुझ्या वाटीत काही तरी घालणं.

म्हणून, विश्वास ठेव की नको ठेवू: तुझ्या वेळी मी काही घातलं नाही. तू घोड्यावाचून इतका सुकला होतास की मी माझी भीती गिळली आणि तुला लागेल तेवढंच, खरं तेच शिजवलं. तुझ्या विजारी आखूड व्हायला लागल्या तेव्हा मी तुला न सांगता त्यांची दुमड उसवून लांब करत होते. दुमड संपली.

तू वाढलास, डोनल. पोरं वाढतात. त्यात कुणाचीच चूक नव्हती.

आई